घोडे कुठे उभे राहतील?

अर्ध्या मैलावरच्या घरी भेटीला जायचंय. एमा म्हणते, गाडी काढू. तिच्या वडिलांना, मिस्टर वुडहाउसना, लगेच दोन काळज्या लागतात. एवढ्याशा अंतरासाठी घोडे जुंपायचे म्हटलं तर गाडीवान जेम्सला ते आवडायचं नाही. आणि आपण आत गप्पा मारत बसू, तेवढा वेळ ते बिचारे घोडे कुठे उभे राहतील? एमा त्यांची समजूत घालते. घोडे वेस्टनच्या तबेल्यात राहतील, ते कालच ठरलंय. जेम्सचं म्हणाल तर तो आनंदाने येईल, कारण त्याची मुलगी त्याच घरात कामाला आहे. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणातलं हे बोलणं आहे. कादंबरी प्रसिद्ध झाली ती डिसेंबर १८१५ मध्ये.

वाचक इथे म्हाताऱ्याच्या चिंतातुरपणाला हसतो, आणि लेखिकेलाही ते हसू हवंच आहे. पण प्रश्न खरा आहे. रिजन्सीच्या काळात, म्हणजे १८११ ते १८२० या वर्षांत, इंग्लंडमध्ये गाडी बाहेर काढायची म्हणजे कुणीतरी घोडे जुंपायचे, कुणीतरी थंडीत ताटकळायचं, घोड्यांच्या दाणापाण्याची आणि निवाऱ्याची सोय बघायची. ऑस्टिनने हा हिशोब एकामागून एक कादंबऱ्यांत मांडलेला आहे. आज त्याच काळावरच्या मालिका आणि सिनेमे, ‘रॉयल’ लग्नांतल्या बग्ग्या, पर्यटकांसाठीच्या रपेटी हा हिशोब पुसून टाकतात आणि नुसती गाडी आपल्यापुढे उभी करतात. हे पुसणं निरुपद्रवी आहे असं मला वाटत नाही. ज्या गाडीचं कौतुक करायचं, तिचे घोडे आणि तिची माणसं त्या कौतुकात आलीच पाहिजेत. जिथे त्यांची नीट काळजी घेणं शक्य नाही, तिथे हौसेसाठी घोडागाडी रस्त्यावर काढू नये.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधलं बेनेट कुटुंब घ्या. वर्षाला २,००० पौंडांचं उत्पन्न, म्हणजे खातंपितं घर. दारात गाडी आहे. पण थोरल्या जेनला श्रीमंत, अविवाहित बिंगलीच्या नेदरफील्डला जेवायला बोलावणं येतं तेव्हा गाडीला घोडे मिळत नाहीत, कारण तेच घोडे शेतावर लागतात. आईला तर तिला घोड्यावरूनच पाठवायचंय. पाऊस येईल, पोरीला तिथेच मुक्काम करावा लागेल, हा तिचा डाव. तो डाव साधतो, जेन भिजून आजारी पडते, आणि तिला बघायला धाकटी एलिझाबेथ चिखल तुडवत तीन मैल चालत जाते. ती चिखलाने माखलेली झालर आणि दमलेला, लाल झालेला चेहरा घेऊन दिवाणखान्यात येते, हा कादंबरीतला एक मोठा क्षण आहे. त्याच्या मुळाशी नांगराला की गाडीला, ही घरातल्या जनावरांची ओढाताण आहे. पडद्यावर आपल्याला ओलं शिवार दिसतं, नायिकेचे भुरभुरणारे केस दिसतात. शेतावर गेलेले घोडे सहसा दिसत नाहीत.

‘मॅन्सफिल्ड पार्क’मध्ये याहून नेमकं उदाहरण आहे. लंडनहून आलेल्या मेरी क्रॉफर्डची हार्प नॉर्थँप्टनला येऊन पडलीय. ती आणायला एक छकडा भाड्याने हवा, पैसे द्यायला ती तयार आहे. पण दिवस गवतकापणीचे. साऱ्या गावात एक गाडी, एक घोडा मोकळा नाही, आणि असल्या वेळी गाडी मागणं हाच लोकांना अपमान वाटतो. पैसे टाकले की सगळं मिळतं, या लंडनच्या शिकवणीला इथे पहिल्यांदाच ठेच लागते. शेवटी तिचा भाऊ हेन्री आपली झोकदार बरूश गाडी घेऊन हार्प आणायला जातो. एका वाद्याच्या वाहतुकीतून अख्ख्या परगण्याचं श्रमाचं वेळापत्रक उभं केलंय. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त विलबी मेरीऍनला घोडी भेट देऊ करतो आणि ती हरखून जाते. घोडी आली की सोबत जाणाऱ्या नोकराला दुसरा घोडा, तो नोकर, त्याचा पगार आणि वर तबेला बांधायचा खर्च, हे तिच्या मनातही येत नाही. ऑस्टिन ते सगळं एका वाक्यात वाचकाच्या पुढ्यात ठेवते. भेट परत जाते.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो ‘नॉर्थँगर ॲबी’मधला प्रसंग. जॉन थॉर्प बाथच्या रस्त्यावर आपल्या गिग गाडीची फुशारकी मारतोय. ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्याकडून ती ५० गिनींना घेतली, बैठक, पेटी, तलवारीची जागा, चिखल अडवणारी फळी, दिवे, चांदीची किनार, सगळं कसं शाबूत आहे. घोडा तर तासाला दहा मैलांच्या खाली जाऊच शकत नाही म्हणे. तेवीस मैल आलो की पंचवीस, यावरूनही त्याची हुज्जत चाललीय. आणि सतरा वर्षांची कॅथरिन त्या जनावराकडे बघून एवढंच म्हणते, की तो फार तापलेला दिसतोय खरा. थॉर्प झटकून टाकतो. इतक्या सगळ्यांत घोड्याकडे डोळे उघडून बघणारी ती एकटी. थॉर्प माणूस कसा आहे हे वाचकाला त्याच पानावर कळतं, आणि तिथून पुढे कादंबरी त्याच्याबद्दल जे जे सांगते ते या एका ओळीशी जुळत जातं.

आता गाडीची बांधणी. हे बारकावे कोरडे समजून लोक सोडून देतात, पण गोष्टीतला तणाव पुष्कळदा त्यांच्यातच असतो. गिग म्हणजे दोन चाकं, एक घोडा, दोन माणसं. करिकललाही दोनच चाकं, पण घोडे दोन, शेजारी शेजारी. मधल्या दांडीचा भार दोन्ही घोड्यांच्या पाठीवरून आडव्या गेलेल्या पोलादी पट्टीवर तोललेला. त्यामुळे दोन्ही घोडे उंचीला, चालीला सारखेच हवेत, नाहीतर पट्टी कलते आणि गाडी हिसके देते. अशी जुळलेली जोडी मिळवणं महाग, राखणं त्याहून महाग. म्हणून डार्सी, विलबी, हेन्री टिल्नी करिकल हाकतात आणि थॉर्पला ‘करिकलसारखी टांगलेली’ गिग मिरवावी लागते. वाचकाला दांडी आणि पट्टी ठाऊक असेल तर त्या फुशारकीतली सगळी तगमग दिसते.

बरूशमध्ये समोरासमोर दोन बैठका, अर्ध्याच भागावर छत्री, आणि पुढे उंचावर हाकणाऱ्याची पेटी. ‘मॅन्सफिल्ड पार्क’मधल्या सॉदर्टनच्या सहलीला ही रचनाच कथानक होते. पेटीवर हेन्री क्रॉफर्डच्या शेजारी कोण बसणार? दोघी बहिणींपैकी ज्यूलियाला ती जागा मिळते, मराया आत बसून दहा मैल धुमसत राहते, आणि त्या धुमसण्याचे परिणाम पुढच्या साऱ्या प्रकरणांत उमटतात. ‘एमा’मध्ये बंद गाडीत मिस्टर एल्टन लग्नाची मागणी घालतो आणि एमाला उतरायला जागा नाही. ‘पर्सुएशन’मध्ये ॲडमिरल क्रॉफ्टची गिग खांबावर आदळणार तेवढ्यात त्यांची बायको शांतपणे लगाम हलकेच वळवते. शेजारी चेपून बसलेली ॲन ते पाहते आणि हे दोघे संसारही असाच हाकत असतील असं तिच्या मनात येतं.

गाडी करणाऱ्यांचं कसब खरोखर थक्क करणारं होतं. लंडनची लाँग एकर ही त्यांची गल्ली. चाकाचा तुंबा एल्मच्या लाकडाचा, कारण ते चिरत नाही. आरे ओकचे, भार पेलायला. कडेचे पुठ्ठे ॲशचे, कारण त्याला लवचीकपणा असतो. वरून लोखंडी धाव तापवून चढवायची. सांगाडा ॲशचा, फळ्या महोगनीच्या, त्यावर रंगाचे एकावर एक हात आणि प्रत्येक हातानंतर घासणी. आधीच्या गाड्यांत पुढची आणि मागची आस एका लांब जाड दांड्याने जोडलेली असायची आणि गाडीची पेटी चामडी पट्ट्यांनी वाकड्या कमानींवर टांगलेली असायची. १८०४ मध्ये ओबडाया इलियट या कारागिराने लंबवर्तुळाकार कमानपाट्यांचं पेटंट घेतलं. पेटी थेट या पाट्यांवर बसू लागली, तो लांब दांडा अनावश्यक झाला, गाड्या हलक्या आणि बुटक्या झाल्या. रिजन्सीच्या डौलदार गाड्यांचं रूप बऱ्याच अंशी या एका सुधारणेतून आलं. ओझं कमी झालं त्याचा फायदा घोड्यांना व्हायला हवा होता. झालं असं, की हलकी गाडी आणि मॅकॅडम या रस्तेबांधणीतल्या जाणकाराच्या पद्धतीचे गुळगुळीत रस्ते हाताशी येताच सगळ्यांना वेग हवासा झाला.

हा वेग कोण ओढत होतं? २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी धावली. त्यानंतर साऱ्या देशात टप्प्याटप्प्यावर घोडे बदलण्याची व्यवस्था पक्की होत गेली. साधारण दहा मैल जिवाच्या आकांताने पळायचं, मग दुसरी जोडी. पोस्ट-शेज या भाड्याच्या बंद गाडीला हाकणाऱ्याची पेटीच नसे. डाव्या घोड्यावर पोस्टबॉय बसायचा. नाव बॉय, पण कित्येकदा पन्नाशीचा माणूस. त्याचा उजवा पाय दोन घोड्यांच्या मध्ये, दांडीला लागून. तो चेचला जाऊ नये म्हणून त्या एका पायावर लोखंडाचं कवच. हे कवच मला कोणत्याही मालिकेत ठळकपणे पाहिल्याचं आठवत नाही, आणि रिजन्सीच्या प्रवासाबद्दल एकच वस्तू दाखवायची झाली तर मी तीच दाखवेन. घोड्यांच्या शेपट्याही तोडलेल्या असत. लगाम शेपटीखाली अडकू नये, दिसायलाही बरं, म्हणून हाडासकट छाटायच्या. उन्हाळ्यात माश्या हाकायला जनावराकडे काही उरायचं नाही. ब्रिटनमध्ये ही प्रथा कायद्याने बंद व्हायला १९४९ साल उजाडलं.

गाडी बाळगण्याचा खर्च सरकारलाही नीट कळला होता. गाडीवर कर होता १७४७ पासून, पुरुष नोकरांवर १७७७ पासून, घोड्यांवर १७८४ पासून, आणि दारावर कुलचिन्ह रंगवलं तर त्यावर १७९८ पासून. ऑस्टिनच्या वडिलांनी थोडा काळ गाडी ठेवली आणि १७९८ मध्ये सोडून दिली. त्यानंतर जेनला कुठे जायचं तर भाऊ नेईल तेव्हा, भाऊ आणेल तेव्हा. त्याआधी १७९६ मध्येच तिने बहिणीला लिहिलं होतं, की मला स्टेजकोचने जायचंय पण भाऊ फ्रँक जाऊ देत नाही. सार्वजनिक गाडी होती, भाडं परवडणारं होतं, रस्ता होता. आडवी आली ती अब्रू. १८१३ मध्ये भाऊ हेन्रीच्या बरूशमधून लंडनभर एकटी फिरताना तिला सारखं हसू येत होतं. असं मिरवण्याचा आपल्याला तसा काही हक्क नाही, असं तिने त्याच पत्रात लिहून ठेवलंय. चॉटनच्या तिच्या घरी आज जी गाडी जपून ठेवली आहे ती गाढवाची आहे.

‘नॉर्थँगर ॲबी’त कॅथरिनला घरातून हाकलून दिलं जातं तेव्हा ७० मैलांचा प्रवास पोस्ट-शेजने, एकटीने, सोबत नोकर नाही. अकरा तास. मैलाला निदान एक शिलिंग धरली तरी साडेतीन पौंड होतात, शिवाय पोस्टबॉयच्या बक्षिशी आणि टोलनाके. घरकाम करणाऱ्या मुलीला वर्षाकाठी जेमतेम आठ-दहा पौंड मिळत त्या काळात. कॅथरिनकडे तेवढे पैसे नसतात. त्या घरची मुलगी एलेनर आठवणीने तिच्या हातात ठेवते म्हणून ती घरी पोचते. म्हणजे श्रीमंताच्या घरची पाहुणीसुद्धा परतीच्या भाड्याअभावी रस्त्यावर येऊ शकत होती. गाडीचा इतिहास सांगताना ही बाजू गाळली तर उरतो तो नुसता रंग आणि चकाकी.

याला एक आक्षेप ठरलेला असतो. आजच्या संवेदना त्या काळावर लादू नका, तेव्हा कुणाला घोड्याची पडली होती? पडली होती. १८०९ मध्ये लॉर्ड अर्स्किनने जनावरांवरील क्रौर्याविरुद्ध विधेयक आणलं. लॉर्ड्सच्या सभागृहात ते संमत झालं, कॉमन्समध्ये पडलं. १८२२ मध्ये रिचर्ड मार्टिनचा कायदा झाला आणि घोडा, गाढव, गाय यांना निर्दयपणे मारणं गुन्हा ठरलं. १८२४ मध्ये लंडनच्या एका कॉफीहाउसमध्ये प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. ऑस्टिनची कॅथरिन तापलेल्या घोड्याकडे बघत होती ते याच वर्षांच्या आसपास. तेव्हाचे लोक आंधळे होते असं मानणं हाच त्या काळावर अन्याय आहे. काहींना दिसत होतं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरे लोक ते नाकारत होते. संसदेत वाद झाला तो त्यामुळेच.

मग हिशोब पुसला कुणी? बहुतांशी विसाव्या शतकाने. जॉर्जेट हेयरच्या ‘रिजन्सी बक’ने १९३५ मध्ये या काळावरच्या प्रणयकथांची वाट रुळवली. हेयरचा अभ्यास दांडगा होता, गाड्यांची नावं आणि जोडण्या ती चोख वापरायची, आणि तिचं मला मनापासून कौतुक आहे. पण तिच्याकडे गाडी आली ती पुरुषाच्या हातातलं कसब म्हणून, शर्यत म्हणून. लगाम कसा धरतो यावरून नायक ओळखायचा. पडद्याने त्यातला अभ्यासही बराचसा टाकला आणि चकाकी ठेवली. काळाकुट्ट चमकता दरवाजा, पायरीवर रेशमी बूट, आत मंद उजेड. कुणी मालिका बघून दोन घटका आनंद घेतला तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या चित्राचा पुढे पुरावा म्हणून वापर होतो त्याबद्दल. घोडागाडी म्हणजे वारसा, घोडागाडी म्हणजे राजेशाही, मग ती बंद करणारे अरसिक, असा युक्तिवाद त्याच चित्राच्या जोरावर उभा राहतो.

मुंबईने हा वाद जवळून पाहिलाय. आपली व्हिक्टोरिया ही फेटन या हलक्या, उघड्या चारचाकी घोडागाडीच्याच वंशातली. बुटकी, मागे घडीची छत्री, पुढे गाडीवानाची उंच पेटी. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मौजेच्या रपेटीसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवल्या, त्या बंद करायला वर्षाची मुदत दिली आणि गाडीवानांच्या पुनर्वसनाची योजना करायला राज्य सरकारला सांगितलं. तेव्हा उमटलेला सूर आठवा: मुंबईची शान गेली, मरीन ड्राइव्हची संध्याकाळ सुनी झाली. डांबरावर, वाहनांच्या धुरात आणि हॉर्नमध्ये रात्री उशिरापर्यंत उभ्या असणाऱ्या घोड्याबद्दल त्या हळहळीत फारसं काही नव्हतं. लंडनच्या त्या संस्थेनंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १८७४ मध्ये, तशीच संस्था मुंबईत स्थापन झाली होती आणि परळचं बाई साकरबाई रुग्णालय त्याच कामातून उभं राहिलं. या शहराला जनावरांचं दुःख कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. न्यायालयाचा निर्णय मला पूर्ण मान्य आहे. २०२१ मध्ये त्याच घाटाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या, त्याही मला चालतात. चांदीचा रंग लावलेली ती नक्षी बघून डोळ्यांना जरा खुपतं, पण तिच्यापुढे पाय बदलत उभं असणारं तहानलेलं जनावर नाही, आणि माझ्यासाठी मोठी गोष्ट ती आहे.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो टाळता येत नाही. काम संपलं की जातही संपते. यॉर्कशरचा क्लीव्हलँड बे हा गाडीचा नामांकित घोडा. मोटारी आल्या आणि १९६०च्या सुमारास त्याचे शुद्ध वंशाचे वळू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले. राणी एलिझाबेथने त्यातला एक विकत घेतला, प्रजननासाठी खुला केला, आणि जात तगली. ती आजही दुर्मीळ आहे. राजघराण्याच्या पागेत गाडीचे घोडे आहेत, प्रिन्स फिलिप यांनी नियमबद्ध केलेल्या गाडी हाकण्याच्या स्पर्धा आहेत. तिथे पशुवैद्य आहे, विश्रांती आहे, मऊ जमीन आहे, म्हातारपणची सोय आहे. अशा ठिकाणी घोडागाडी राहावी, आणि लाँग एकरचं ते कसब जिवंत राहण्यासाठी तिला पैसाही मिळावा असं मला वाटतं. तासाला इतके फेरे, फेऱ्याला इतके रुपये या गणितावर पोट असणाऱ्या रस्त्यावरच्या गाडीला हे कधीच परवडत नाही. तो गाडीवान दुष्ट असतो म्हणून असं होत नाही. त्याची कमाईच घोड्याच्या विश्रांतीच्या विरुद्ध जाते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. रिजन्सी काळावर मालिका करणाऱ्यांनी एकदा तरी कॅमेरा दरवाजावरून खाली, मग पुढे न्यावा: मोतद्दार, पोस्टबॉय, फेसाळलेला घोडा. ऑस्टिनच्या कथांमध्ये त्यासाठी एक ओळही नव्याने लिहावी लागणार नाही. ‘नॉर्थँगर ॲबी’त जनरल टिल्नीची चार घोड्यांची गाडी ‘पेटी फ्रान्स’ नावाच्या इंग्लंडमधल्याच गावी दोन तास घोड्यांना चारायला थांबते आणि सगळी मंडळी कंटाळून जातात, तो कंटाळा जसाच्या तसा दाखवता येईल. डेव्हनमध्ये आर्लिंग्टन कोर्टला नॅशनल ट्रस्टचं गाड्यांचं संग्रहालय आहे. आपल्याकडेही संस्थानांच्या बग्ग्या काचेआड ठेवलेल्या आढळतात. अशा प्रत्येक गाडीपुढे ती ओढायला किती घोडे लागत, त्यांना कोण सांभाळी आणि त्या माणसाला काय मिळे, हे जिथे नोंदी आहेत तिथे लिहिलेलं असावं. लग्नाच्या वरातीसाठी बग्गी ठरवणाऱ्यांनी फुलांच्या भावाआधी विचारावं, की घोडा सकाळपासून कुठे कुठे जाऊन आलाय, आणि उत्तर मिळालं नाही तर बग्गी नाकारावी. मुंबईत व्हिक्टोरियाच्या नावाने जी काही वाहनं यापुढे चालतील, त्यांच्या परवान्यांवर पहिला हक्क त्या जुन्या गाडीवानांचा आणि त्यांच्या मुलांचा असावा. शहराने त्यांची गाडी दीडशे वर्षांच्या आसपास शोभेला वापरली, बंद केली, आणि आता तिचंच रूप पुन्हा विकायला काढलंय. त्यातला वाटा मागण्याची वेळ त्यांच्यावर यायला नको.